चौदाशे रुपयांचा गंधर्व

एकाच मनुष्यावर दोन कामे सोपविली असता तो दोन्ही अर्धवट करितो, हा संसारातील जुना अनुभव आहे. ज्या मास्तरांस गणिताबरोबर कवायतही शिकवावी लागे, त्यांचे गणित कवायतीसारखे आणि कवायत गणितासारखी होत असे, हे आम्ही स्वतःच्या शाळेत पाहिले आहे. हा नियम यंत्रासही लागू पडतो की काय, याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या वर्षी आमच्या सावेडीच्या घरी आला. निमित्त झाले एका स्वस्त मोबाइल फोनचे. हा फोन बोलण्यासाठी तर होताच. परंतु त्याचे मुख्य भूषण गाणे हे होय, असे त्याच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेले होते.

आमचे वडील बंधू, ज्यांस घरातील लहानथोर सर्वजण दादा म्हणतात, यांस दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली. उजवा हात व पाय मात्र दुर्बळ झाले. त्याआधीपासूनच काचबिंदूने दृष्टी मंदावली होती. दादांचे वय आज एकोणऐंशी. वहिनी जाऊन सात वर्षे झाली. तरुणपणी त्यांनी काही काळ गाणे शिकण्यात घालविला होता. पुढे कारकुनीत ते राहून गेले, पण ऐकण्याचे व्यसन सुटले नाही. गवसणीत गुंडाळलेला त्यांचा तंबोरा अजून माजघराच्या कोपऱ्यात उभा आहे. अशा मनुष्यास दिवसभर खिडकीपाशी पडून राहणे किती जड जात असेल, हे पाहून आमच्या धाकट्या चिरंजीवांनी कापडबाजारातून हा फोन आणिला. किंमत चौदाशे रुपये. करणाराचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण या किमतीची ही सर्व भावंडे थोड्याफार फरकाने एकाच वळणाची असतात. दादांच्या संग्रहातील तबकड्यांवरून दोन हजारांवर गीते एका नखाएवढ्या कार्डात भरण्यात आली, आणि हा गंधर्व दादांच्या उशाशी विराजमान झाला.

आता या गंधर्वाच्या गुणदोषांची परीक्षा करावयाची. गुण थोडे असल्यामुळे ते आधी सांगून टाकणे सोयीचे. आवाज मोठा, पलीकडच्या दोन घरांस ऐकू जाईल एवढा. बॅटरी एकदा भरली म्हणजे दोन दिवस टिके. हातातून फरशीवर पडला तरी त्यास काही होत नसे, आणि दादांच्या हातून तो दिवसातून दोनदा पडे. यापुढे दोषप्रकरण.

पहिला दोष आवाजाचाच. मोठा आवाज आणि भरदार आवाज हे एक नव्हेत, हे पेटीवर जाहिरात लिहिणारास ठाऊक नसावे. पहिल्याच दिवशी एका ख्यालाची ध्वनिमुद्रिका लाविली. गवयाचा गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला. तबल्याची चाट कडकड वाजली, पण डग्गा कोठे गेला ते कळेना. आणि तंबोरा तर मुळीच नव्हता. यात चमत्कार काही नाही. पुरुषाच्या काळी एक पट्टीस लाविलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारे सत्तर कंपने पावते. फोनच्या पोटात बसविलेला रुपयाएवढा कर्णा बोलणे आणि घंटी यांसाठी घडविलेला. तीन-चारशे कंपनांच्या खाली त्याचे बळच सरते. मूळ दूरध्वनीच्या शास्त्राने बोलण्याचा अर्थ कळावा एवढ्यापुरतेच, म्हणजे सेकंदास साधारण ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचेच ध्वनी तारेतून जाऊ द्यावयाचे, असे ठरवून ठेविले आहे. व्यवहारास तेवढे पुरे. ‘तूर काय भाव?’ या प्रश्नास खर्ज लागत नाही. परंतु जे बोलण्यात टाकून दिले तरी चालते, त्याच्याच आधारावर गाणे उभे असते.

यावर दादांनी जे सांगितले, ते आम्हांस नवीन होते. ते म्हणाले, “तंबोरा अगदीच गेलेला नाही. वरचे स्वर कानावर येतात, त्यांवरून खालचा स्वर आपला कान आपणच भरून घेतो.” आम्ही नंतर वाचून पाहिले, तो शास्त्रही हेच सांगते. मूळ स्वर नाहीसा झाला तरी त्याच्या उपस्वरांच्या अंतरावरून श्रवणेंद्रिय त्याचा अंदाज बांधिते. तंबोऱ्यात तर हे उपस्वर विपुल. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जी जवारी काढितात, ती या उपस्वरांसाठीच. चंद्रशेखर वेंकट रामन यांस १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशाच्या संशोधनाबद्दल, हे सर्वांस ठाऊक आहे. पण तत्पूर्वी १९२१ साली त्यांनी तंबोरा व वीणा यांच्या या विशेषावर निबंध लिहिला होता, हे थोड्यांस ठाऊक असेल. असो. कान भरून घेतो हे खरे. परंतु ज्या कानाने आधी खरा खर्ज ऐकिला आहे, त्यासच ते भरून घेणे गोड लागते. आमच्या नातवाच्या कानास ती सोय कोठून असणार?

दुसरा दोष काटकसरीचा. तबकडीवर सेकंदास सुमारे १४११ हजार अंश खर्चून गाणे लिहिलेले असते. कार्डात जागा वाचावी म्हणून तेच गाणे ज्यास ‘एमपी३’ म्हणतात त्या पद्धतीने दाबून भरतात. हे नाव १९९५ साली जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत ठरले. नेहमीच्या मापाने त्यात सेकंदास १२८ हजारच अंश उरतात, म्हणजे अकरावा हिस्सा. मोठ्या ध्वनीच्या आड लपलेला लहान ध्वनी मनुष्यास ऐकू येत नाही, तेव्हा तो गाळावा, हे त्यातील तत्त्व. तत्त्व वाईट नाही, आणि बहुतेक वेळा फरक जाणवतही नाही. परंतु या दाबण्यामुळे बत्तीस जीबीच्या कार्डात साडेतीन मिनिटांची नऊ हजारांवर गीते मावतात, अहोरात्र ऐकिली तरी बावीस दिवस पुरतील एवढी, आणि हीच गोष्ट पेटीवर गौरवाने छापलेली असते. नऊ हजार गीते ज्याच्या उशाशी आहेत, त्यास एखादे ऐकावेसे वाटेलच असे नाही, हे मात्र कोठे छापलेले नसते.

तिसरा दोष आमच्या मते सर्वांत गंभीर, आणि तो रामायणात प्रकट झाला. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, सुरू झाले. तो शुक्रवार होता. पुढे वर्षभर दर आठवड्यास एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास असल्यामुळे एकूण ५६ गीते झाली. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द व सुधीर फडके यांचे स्वर. दादा त्या वेळी नऊ वर्षांचे. शेजारच्या वाड्यात रेडिओ होता, तेथे ओसरीवर आळीतील बायकामुले जमत. एक गीत ऐकून झाले की पुढचे कोणते असेल याचा आठवडाभर तर्क चाले, असे दादा सांगतात. कथा सर्वांस ठाऊक. तरी वाट पाहणे चुकत नसे.

ती ५६ गीते अनुक्रमांक घालून कार्डात भरली होती. फोनने ती आपल्या न्यायाने लाविली. पहिल्या गीतानंतर एकदम दहावे, मग अकरावे, बारावे, असे एकोणिसाव्यापर्यंत. मग दुसरे, आणि त्यामागून विसावे! कारण असे की, या यंत्रास संख्या कळत नाही. अंक ते अक्षराप्रमाणे डावीकडून वाचते. शब्दकोशात एकाने आरंभ होणारे सर्व शब्द संपल्यावाचून दोनाची पाळी येत नाही, तसेच हे. परिणाम असा झाला की, बारावे गीत सीतास्वयंवराचे, ते चौथ्या स्थानी आले, पाठोपाठ वनवास झाला, रावण पडला, लवकुश गाऊन निघाले, आणि रामजन्माचे गीत, जे मुळात सहावे, ते छप्पन्नाव्याच्याही मागून लागले. वाल्मीकींनी रामायण रामजन्मापूर्वी लिहिले अशी श्रद्धा आहे. परंतु रामाचे सर्व चरित्र जन्मापूर्वी उरकून टाकण्याचे धैर्य या यंत्राने प्रथम केले. दादा पडल्यापडल्या ओरडले, “अरे, कोणी आहे का? याने रामाचे लग्न आधी लावले!”

चौथा दोष नावांचा. मराठीत लिहिलेली नावे या फोनच्या पडद्यावर उमटत नसत. अक्षरागणिक एकेक रिकामा चौकोन दिसे. म्हणजे गाणारा कोण, गाणे कोणते, याची दाद नाही. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजान यांची ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हा तीन मिनिटांचे गाणे संपताच गाणारीने आपले नाव स्वतःच्या मुखाने उच्चारावे, असा प्रघात होता. लेबल लावणारास पुढे घोटाळा होऊ नये म्हणून. सव्वाशे वर्षांत सुधारणा एवढी झाली की, आता ते नाव यंत्रासही वाचता येत नाही.

राहिलेले दोष थोडक्यात आटोपतो. नगरच्या (२०२४ सालापासून शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे, परंतु आमची जिव्हा अजून जुन्या वळणावर जाते) आकाशवाणीचा कार्यक्रम ऐकावयाचा तर कानात घालण्याची वायर फोनला जोडावी लागे, कारण तीच वायर आकाशातील लहरी पकडण्याचे काम करी. आणि दादा कुशीवर वळले की वायर सुटे. बटणे हरभऱ्याच्या डाळीएवढी. गाणे रंगात आले असता कोणा अनोळखी बाईचा कर्ज देऊ करणारा फोन येई, आणि तो बंद झाल्यावर गाणे पुन्हा सुरू होईल याची शाश्वती नसे. फोन जुन्या पिढीच्या जाळ्याचा, म्हणून घरातील इतर मंडळींचे सिमकार्ड त्यात चालेना. वेगळे घ्यावे लागले. शिवाय एक छायाचित्रयंत्र होते, त्यातून काढिलेल्या चित्रात आमची सौभाग्यवती व तुळशीवृंदावन यांत भेद करणे कठीण. संस्कृतात अशा वस्तूस अजागलस्तन म्हणतात. शेळीच्या गळ्याखालील स्तन दिसतात, दूध देत नाहीत.

तात्पर्य, दिवसातून आठ-दहा वेळा दादांची हाक येई, “अरे, कोणी आहे का?” आणि कोणी ना कोणी जाई. सकाळी सूनबाई पोळ्या टाकून जात, अडकलेले गाणे पुढे ढकलीत आणि दादा म्हणत, “आता आलीस तशी हे एवढे ऐक.” दुपारी आम्ही जात असू, आणि गाणे राहून यमन व यमनकल्याण यांवर वाद होई. सायंकाळी शाळेतून आला की बारा वर्षांचा नातू जाई. चौकोनांमागे कोणते गाणे दडले आहे हे ओळखण्याची पैज तो दादांशी लावी आणि बहुधा हरे. रात्री आठ वाजता जो जाई तो कोनाड्यातील काचबिंदूच्या औषधाचे दोन थेंबही घालून येई. सांख्यांनी प्रकृतिपुरुषांस अंधपंगुन्याय लाविला आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघे वाट चालतात. आमच्या घरी एक समजूत नसलेले यंत्र व एक हात नसलेला जाणता, यांची अशी जोडी जमली होती. आणि ती अडखळे तेव्हा आम्ही हात देत होतो. सर्वजण फोनला नावे ठेवीत होते, आणि सर्वांत अधिक आम्ही.

दिवाळीस आमचे थोरले चिरंजीव पुण्याहून आले. त्यांनी ही तारांबळ पाहिली व दुसऱ्याच दिवशी एक नवे यंत्र आणिले. ते शब्दाने चालते. बटण नाही, कार्ड नाही. गीताचे नाव घ्यावे आणि त्याने गावे. एखादे वेळी पहिल्या हाकेस चुके, पण दुसऱ्यास ऐके. आवाज खरोखर भरदार. डग्गा घुमू लागला, तंबोरा परत आला. दादा प्रसन्न दिसले. आम्हीही थोरल्या चिरंजीवांची पाठ थोपटली आणि चौदाशे रुपयांचा गंधर्व टेबलाच्या खणात गेला.

पुढील महिना घरात मोठ्या शांततेचा गेला. हाका बंद झाल्या. सूनबाईंच्या पोळ्या करपेनाशा झाल्या. आमचे वर्तमानपत्र सलग वाचून होऊ लागले. खोलीतून गाणे ऐकू येई, म्हणजे दादांचे चांगले चालले आहे, अशी सर्वांची समजूत. जेवण वेळेवर जाई, अंथरूण वेळेवर बदले. कर्तव्यात म्हणून कोणी चुकत नव्हते.

मार्गशीर्षातील एका सकाळी आम्ही काही कारणाने त्या कोनाड्यात हात घातला, तो औषधाची बाटली हाती लागली. सूनबाई बाटली उघडितात त्या दिवशीच तिच्यावर तारीख घालतात, कारण उघडल्यापासून चार आठवड्यांनंतर ती वापरावयाची नसते. तारीख दिवाळीच्या पाडव्याची होती. चार आठवडे उलटून गेले होते, आणि बाटली निम्म्याहून अधिक भरलेली होती.

आम्ही सूनबाईंस विचारिले. त्यांस वाटे, थेंब आम्ही घालतो. आम्हांस वाटे, नातू घालतो. नातवास वाटे, आई घालते. चौकशीअंती असे निघाले की, सकाळचे थेंब चहाबरोबर बहुतेक पडत, पण रात्रीचे जवळजवळ पडलेच नव्हते. कारण रात्री आठ वाजता त्या खोलीत जाण्याचे कोणास कारणच उरले नव्हते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि डोळ्यातील दाब वाढत असता दुखतही नाही, हे डॉक्टरांनी आम्हांस पूर्वीच बजाविले होते. आमच्या पायांखालची जमीन सरकली. त्याच दिवशी रिक्षा करून दादांस डॉक्टरांकडे नेले. दाब वाढला होता. परंतु दृष्टीची विशेष हानी झालेली नाही, वेळेवर आलात, असे त्यांनी सांगितले. ईश्वराची कृपा, दुसरे काय!

घरी आल्यावर आम्ही थोडेसे रागानेच विचारिले, “दादा, थेंब राहिले तर तुम्ही हाक का मारली नाही?”

दादा म्हणाले, “कशासाठी मारू? गाणे तर नीट चालले होते.”

“गाण्यासाठी नव्हे, औषधासाठी!”

ते काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “गाणे बिघडले म्हणून हाक मारायला काही वाटत नाही रे. दोष त्या यंत्राचा असतो. औषधासाठी हाक मारायची म्हणजे दोष आपला होतो.”

यावर आम्हांस बोलण्यासारखे काही राहिले नाही. चाळीस वर्षे मुलांस श्रवणकुमाराची गोष्ट सांगितली, आणि भिंतीपलीकडे सख्खा भाऊ महिनाभर हाक न मारता पडून राहिला, याचा आम्हांस पत्ता नव्हता. गाण्याचा आवाज येत होता ना! तेवढ्यावर आमचा कान तृप्त होता. जे ऐकू येत नव्हते ते त्याने आपल्या सोयीप्रमाणे भरून घेतले होते.

सुज्ञ वाचकांनी यावरून असा समज करून घेऊ नये की, स्वस्त यंत्राचे दोष हेच गुण होत असे आम्ही प्रतिपादन करीत आहो. दोष ते दोषच. चौदाशे रुपये म्हणजे कित्येक घरांत महिन्याचा वाणसामान होय. तेवढे घेणाराने संख्यांचा क्रम बरोबर लावावा, मराठी अक्षरे मराठीत दाखवावीत, आणि बटणे म्हाताऱ्या बोटांस सापडतील एवढी मोठी करावीत, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही. खर्ज त्या किमतीत मिळणार नाही, तर तसे पेटीवर लिहावे. परंतु उत्तम यंत्र आणून दिले म्हणजे आपण आपल्या माणसाचे देणे फेडिले, ही जी समजूत आमच्या घरात महिनाभर नांदली, तिचा दोष कोणत्याही कंपनीच्या माथी मारता येत नाही.

दादांनी जुना फोन खणातून मागून घेतला. नवे यंत्र सकाळी चालते, जुना रात्री. नातवाने संगणकावर बसून एक ते नऊ या अंकांमागे प्रत्येकी एक शून्य घातले. इतक्या सोप्या उपायाने रामायण सुरळीत झाले आणि रामजन्म पुन्हा सहाव्या स्थानी आला. आम्ही भीतभीत विचारिले की, हा दोष राहू द्यावयाचा होता काय? दादा हसून म्हणाले, “छे! राम वेळेवर जन्मू दे. तू वेळेवर ये म्हणजे झाले.”

तेव्हापासून रात्रीचे आठ आम्ही आपल्याकडे घेतले आहेत. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालावयाचा आणि दादांनी पाच मिनिटे डोळे मिटून पडावयाचे, असे डॉक्टरांचे सांगणे. तेवढ्या वेळात एक गीत पुरे होते. डग्गा ऐकू येत नाही, तंबोरा तर नाहीच. आम्ही उशाशी खुर्चीवर बसतो, आणि गीत संपले की पुढचे लावावे की नाही, हे दादांस विचारितो.